ऑपरेशननंतर वजन अडलंय? आधी ते कितव्या महिन्यात अडलंय ते बघा

बॅरिएट्रिक सर्जरीनंतर, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटावर केलेल्या ऑपरेशननंतर, सगळ्यात जास्त वेळा कानावर येणारी तक्रार म्हणजे "काटा हलतच नाहीये". ऑपरेशन स्लीव्हचं असो (यात जठराचा मोठा भाग काढून नळीसारखं पोट ठेवतात) की बायपासचं (यात पोटाचा छोटा पाउच करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात), ही वेळ येतेच. एकदा येते, काही महिन्यांनी पुन्हा येते, आणि दर वेळी माणूस तितकाच घाबरतो. आहारतज्ज्ञ म्हणून मी अशा पेशंटला जेवणाबद्दल नंतर विचारते. पहिला प्रश्न असतो, ऑपरेशन होऊन किती दिवस झाले? तिसऱ्या आठवड्यात अडलेलं वजन, आठव्या महिन्यात अडलेलं वजन आणि तिसऱ्या वर्षी अडलेलं वजन ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर नुकसान होतं. आणि बहुतेक जण तिन्ही वेळा एकच औषध घेतात, ते म्हणजे खाणं आणखी कमी करणं.

खरंच अडलंय का?

दोन-चार दिवस काटा तिथेच राहिला म्हणून वजन अडलं असं होत नाही. शरीरातलं पाणी रोज वर-खाली होत असतं. पाळीच्या आधी एक-दोन किलो सहज चढतात. बद्धकोष्ठता असेल तर तेवढंच आणखी. ऑपरेशननंतर पाणी कमी जातं, लोहाच्या गोळ्या चालू असतात, त्यामुळे बद्धकोष्ठता तर जवळपास सगळ्यांना कधी ना कधी होतेच. नवीन व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत पाणी धरलं जातं आणि ज्या आठवड्यात तुम्ही सगळ्यात जास्त मेहनत घेतली, नेमक्या त्याच आठवड्यात काटा वर जातो.

म्हणून वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करायचं, आणि दर वेळी त्याच काट्यावर. सोबत शिवणकामाची टेप घ्या आणि कंबर, नितंब, मांडी आणि दंड मोजून लिहून ठेवा. वजन आणि माप दोन्ही सलग चार आठवडे जागचे हलले नाहीत, तर त्याला मी अडलेलं वजन म्हणेन. वजन तेच आहे पण कंबर दोन सेंटीमीटरने उतरली आहे, तर चरबी कमी होते आहे आणि तुमचं काम चालू आहे. अशा वेळी काही बदलू नका.

पहिले दोन महिने: काही करू नका

पहिल्या पंधरा दिवसांत वजन झरझर उतरतं आणि मग साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात एकदम थांबतं. याला लोक "तिसऱ्या आठवड्याचा स्टॉल" म्हणतात. आठवडा, दोन आठवडे, कधी तीन आठवडेही काटा ढिम्म. रडू येतं. एवढं मोठं ऑपरेशन करून घेतलं, दिवसभरात वाटीभर पातळ जातंय, तरी वजन का उतरत नाही?

याचं कारण साखरेच्या साठ्यात आहे. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवलेली असते, मोठ्या माणसात ती साधारण अर्धा किलो भरते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. ऑपरेशनच्या आधीच्या द्रव आहारात आणि नंतरच्या पहिल्या दिवसांत शरीर हा साठा वापरून टाकतं, त्याबरोबर पाणीही जातं. पहिल्या आठवड्यांतल्या त्या मोठ्या आकड्यात पाण्याचा वाटा बराच असतो. पुढे खाणं थोडं वाढलं की शरीर तो साठा काही प्रमाणात भरून काढतं आणि पाणी परत येतं. त्याच वेळी चरबी मात्र जळतच असते. एकीकडून चरबी जाते, दुसरीकडून पाणी येतं आणि काटा मधेच उभा राहतो. पाण्याचा हिशेब संपला की वजन आपोआप पुन्हा उतरायला लागतं.

या काळात करायचं ते एवढंच की सर्जनच्या टीमने दिलेल्या टप्प्यांप्रमाणे खायचं, दिवसभरात घोट घोट करून दीड लिटरच्या आसपास द्रव पोटात जाऊ द्यायचं, प्रोटीन आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, चालत राहायचं. जेवण बंद करून पुन्हा नुसत्या द्रव आहारावर जाऊ नका. तसं केलं तर दोन किलो उतरतात खरे, पण ते पुन्हा तेच पाणी असतं आणि जेवायला लागल्यावर आठवड्यात परत येतं. मधल्या मधे झिजतात ते तुमचे स्नायू.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, सारख्या उलट्या होत असतील, ताप असेल, छातीत धडधड थांबत नसेल किंवा पोटात जोरात दुखत असेल, तर वजनाचा विचार सोडा आणि लगेच सर्जनला गाठा. बरेच दिवस उलट्या होत राहिल्या तर शरीरातलं थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-१, फार लवकर संपतं आणि त्याने नसांना आणि मेंदूला इजा होऊ शकते. "तेवढंच वजन उतरेल" म्हणून उलट्या अंगावर काढणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका.

चौथ्या महिन्यापासून वर्ष-दीड वर्षापर्यंत: इथे खरी तपासणी लागते

आता शरीर आधीपेक्षा लहान झालं आहे. १३० किलोचं शरीर जिना चढताना जेवढी ऊर्जा खर्च करतं, तेवढी ९५ किलोचं करत नाही. शिवाय वजन उतरलं की शरीर स्वतःचा खर्च नुसत्या आकारमानाच्या हिशेबापेक्षाही जास्त आखडतं. हे शरीराचं जुनं संरक्षण आहे, त्यात तुमचा दोष काही नाही. पण याचा अर्थ असा होतो की जे खाऊन सहाव्या महिन्यात वजन उतरत होतं, तेच खाऊन अकराव्या महिन्यात ते जागेवर राहू शकतं.

इथे मी पेशंटला एकच गृहपाठ देते. तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, तोंडात जे जे जाईल ते त्या त्या वेळी लिहायचं. संध्याकाळी आठवून लिहिलेलं चालत नाही. अशीच एक वही माझ्यासमोर आली होती. बाई शपथेवर सांगत होत्या की मी काही खात नाही, आणि वहीतली तिन्ही जेवणं बघितली तर ते शंभर टक्के खरं होतं. जेमतेम अर्धी वाटी, तीही अर्ध्या तासात. पण जेवणांच्या मधल्या ओळी वाचत गेले. सकाळी आणि दुपारी साखर घातलेली दुधाची कॉफी, दोन्ही वेळा कॉफीत बुडवून दोन-दोन बिस्किटं. अकरा वाजता "अशक्तपणा वाटला म्हणून" ग्लासभर फळांचा रस. संध्याकाळी कामावरून आल्यावर मूठभर खारे शेंगदाणे. बेरीज केली तर तिन्ही जेवणांतून मिळून जेवढ्या कॅलरी जात होत्या, जवळपास तेवढ्याच या मधल्या ओळींतून जात होत्या. आणि यातलं काहीही पोटाला जड झालं नव्हतं.

जड झालं नाही, हाच यातला कळीचा मुद्दा. ऑपरेशनने लहान झालेलं पोट घट्ट घासाला अडवतं. मांसाचा, अंड्याचा, कडधान्याचा घास तिथे थांबतो, पोट भरल्याची जाणीव होते, माणूस हात आखडतो. पण बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम, चॉकलेट, रस, शेक हे विरघळून सुळकन खाली उतरतात. पोट कधी भरतच नाही. ऑपरेशनने जो अडसर घातला, तो या पदार्थांना लागूच होत नाही. चहा-कॉफीत बुडवून खाण्याची सवय तर घट्ट पदार्थालाही तसाच करून टाकते. जेवताना पाणी पिऊ नका, जेवणानंतर निदान अर्धा तास थांबा, असं सर्जन सांगतात त्यामागेही हाच विचार आहे.

त्या बाईंना मी जेवण कमी करायला सांगितलं नाही, उलट वाढवायला सांगितलं. अकरा वाजताचा तो अशक्तपणा सकाळी प्रोटीन नसल्यामुळे येत होता.

प्रोटीनचा हिशेब इथे एकदा मन लावून करा. ऑपरेशननंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन जायला हवं, आणि पुष्कळ जणांना त्यांच्या आदर्श वजनाप्रमाणे याहून जास्त, किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत, सांगितलं जातं. तुमचा आकडा तुमच्या टीमकडून घ्या. आता ताट बघा. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, २०० मिली दुधात ६ ते ७ ग्रॅम, शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये ३० च्या आसपास, शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरीत ९. लहान पोटात ६० ग्रॅम बसवायचे तर पहिले घास प्रोटीनचेच असावे लागतात, मग भाजी, आणि जागा उरली तर शेवटी भात-पोळी-पाव. हा क्रम उलटला की पोट भरतं पण प्रोटीन जेमतेम ३० ग्रॅमवर थांबतं, दोन तासांत भूक लागते आणि हात बिस्किटांकडे जातो. शाकाहारी पेशंटना नुसत्या जेवणातून आकडा गाठणं अवघड जातं. त्यांनी प्रोटीन पावडर घ्यायला संकोच करू नये, पण तिच्या लेबलवर साखर किती आहे ते बघावं.

आणखी एक सापळा आहे, त्याबद्दल पेशंट स्वतःहून सांगत नाहीत कारण त्याचा वजनाशी संबंध आहे हेच त्यांना माहीत नसतं. विशेषतः बायपासनंतर काहींना गोड किंवा पिठूळ खाल्ल्यावर एक ते तीन तासांत रक्तातली साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, डोकं हलकं, भयंकर भूक. माणूस घाबरून पुन्हा गोड खातो, बरं वाटतं, आणि दोन तासांनी तेच चक्र. हे दिवसातून दोनदा झालं तर वजन कसं उतरणार? अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तपासणी होते आणि बहुतेक वेळा खाण्याची मांडणी बदलूनच फरक पडतो. पण चक्कर येऊन पडण्यापर्यंत गेलं असेल तर थांबू नका.

दारूचंही सांगते. बायपासनंतर, आणि स्लीव्हनंतरही, ती रक्तात लवकर आणि जास्त चढते, कॅलरी तर आहेतच, आणि ऑपरेशननंतर काही वर्षांनी दारूचं व्यसन लागण्याचा धोका वाढतो हे अभ्यासांतून नीट दिसलेलं आहे. वजन अडलेलं असताना ती पूर्ण बंद ठेवणं मला योग्य वाटतं.

व्यायामाचं थोडक्यात. चालणं चांगलंच आहे, आठवड्याला दीडशे मिनिटं तरी हवं. पण अडलेलं वजन सोडवायला नुसतं चालणं पुरत नाही. झपाट्याने वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू गेले की बसल्या जागी होणारा खर्च आणखी कमी होतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं उचलणं, रबरी पट्टा ओढणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून पुश-अप, यातलं जे जमेल ते सुरू करा. टाके भरल्यावर, सर्जनने परवानगी दिल्यावर. पहिले दोन-तीन आठवडे काटा वर जाईल, त्याचं कारण वर आलंच आहे.

दीड-दोन वर्षांनंतर: हा मुक्काम असू शकतो

या टप्प्यावर सगळ्यात जास्त मनस्ताप होतो आणि तो बराचसा अनाठायी असतो. ऑपरेशननंतर वजन साधारण बारा ते अठरा महिन्यांत, काहींचं दोन वर्षांत, सगळ्यात खाली येतं. तिथून पुढे ते थांबणं हेच अपेक्षित आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला, त्यात ऑपरेशन केलेल्यांचं वजन पुढे वर्षानुवर्षं नोंदवलं गेलं. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, दहा वर्षांनी ते मूळ वजनाच्या २५ टक्के खाली होतं. म्हणजे थोडं परत आलं, पण बहुतेक टिकलं. हे अपयशाचे आकडे नाहीत.

तुमचा हिशेब असा करा. ऑपरेशनच्या दिवशीच्या वजनातून आजचं वजन वजा करा, आलेल्या आकड्याला ऑपरेशनच्या दिवशीच्या वजनाने भागा, शंभरने गुणा. १२० चे ८४ झाले असतील तर ३० टक्के. स्लीव्हनंतर २५ आणि बायपासनंतर ३० टक्क्यांच्या आसपास असाल तर ऑपरेशनने जे द्यायचं ते दिलेलं आहे. उंची-वजनाच्या तक्त्यातला आकडा गाठण्यासाठी अजून १५ किलो हवेत असं म्हणत स्वतःला उपाशी मारू नका. सैल पडलेल्या कातडीचंच काही किलो वजन असतं आणि ते कुठल्याही डाएटने जात नाही.

वजन थांबलं नसून महिन्यागणिक वर चढत असेल तर मात्र कारण शोधायलाच हवं. आणि कारण दर वेळी ताटात नसतं. औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांसमोर बसा. इन्सुलिन, मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी औषधं, स्टेरॉइड, मिर्टाझापिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरची औषधं, ओलान्झापिन, क्वेटियापिन, प्रीगाबालिन, व्हॅल्प्रोएट, यांनी वजन वाढतं. स्वतःहून बंद करू नका, पण पर्याय आहे का हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. थायरॉइड तपासा. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीबरोबर घेत नाही ना, ते बघा. थायरॉइडची गोळी आणि या दोन गोळ्या यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. ऑपरेशननंतर या तिन्ही गोळ्या अनेकांच्या डब्यात एकत्र असतात आणि सकाळी एकदम गिळल्या जातात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

स्त्रियांनी गरोदरपणाची चाचणी करून घ्यावी. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि वर्षानुवर्षं दिवस न राहिलेल्या बाईलाही अचानक दिवस राहतात. बायपाससारख्या ऑपरेशननंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही. पहिले बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, त्यासाठी कोणता उपाय वापरायचा हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

राहिलं पोट. "माझं पोट पुन्हा मोठं झालं का?" हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. काळाप्रमाणे थोडी जागा वाढते, ते नैसर्गिक आहे, आणि एखाद्या दिवशी दोन घास जास्त गेल्याने पोट फाटत किंवा कायमचं ताणत नाही. पण आधी अर्ध्या वाटीत भरणारं पोट आता दोन वाट्यांनीही भरत नसेल, नव्याने जळजळ किंवा आंबट पाणी येत असेल, किंवा दुखत असेल, तर एंडोस्कोपी आणि बेरियमचा एक्स-रे करतात. त्यात पाउच किंवा जोडाचं तोंड (पाउच आतड्याला जोडला तिथली वाट) रुंद झालंय का, बायपासमध्ये पाउच आणि बाजूला ठेवलेल्या जुन्या पोटामध्ये वाट तयार झालीय का, स्लीव्हमध्ये वरचा भाग फुगलाय का, हे दिसतं. "पाच दिवसांत पाउच रिसेट" म्हणून जो द्रव आहार फिरतो त्याने यातलं काहीही दुरुस्त होत नाही. पहिल्या दोन महिन्यांबद्दल जे पाण्याचं गणित सांगितलं, तेच तिथेही लागू आहे.

फॉलोअपला जाताना

वजन वाढलं की लोक फॉलोअपला यायचं बंद करतात. लाज वाटते, ओरडा बसेल असं वाटतं. मला हे फार खुपतं, कारण मदत करता येण्याजोगा काळ त्यातच निघून जातो. लठ्ठपणा हा जुनाट आजार आहे. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून डॉक्टरांकडे जायला कुणी लाजत नाही. तुम्हीही लाजू नका, आणि एखादा डॉक्टर तुम्हाला लाजवत असेल तर दुसरा गाठा. जाताना वजनांची नोंद, मापं, तीन दिवसांची वही आणि चालू औषधांची यादी न्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) हे तपासून किती दिवस झाले ते विचारा. लोह कमी असलेला माणूस थकलेला असतो, थकलेला माणूस हलत नाही.

खाणं, व्यायाम, औषधं सगळं नीट लावूनही वजन चढतच असेल तर पुढचे उपाय आहेत. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं आता ऑपरेशन झालेल्यांनाही दिली जातात आणि अनेकांना चांगला गुण येतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. त्यांनी भूक मरते, म्हणजे आधीच कमी जाणारं प्रोटीन आणखी कमी होतं, तेव्हा इंजेक्शन सुरू झालं की आहारतज्ज्ञाची भेट वाढवायची, कमी करायची नाही. जोडाचं रुंद झालेलं तोंड काही ठिकाणी एंडोस्कोपीने टाके घालून आवळतात. स्लीव्हचं रूपांतर बायपासमध्ये करता येतं, जळजळ खूप असेल तर त्याचा दुहेरी फायदा होतो. पण दुसऱ्यांदा केलेल्या ऑपरेशनमध्ये गुंतागुंतीचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, म्हणून ते घाईने ठरवू नका. त्यासाठी पहिल्या ऑपरेशनचा सविस्तर रिपोर्ट लागतो, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. तो तुमच्याकडे नसेल तर हॉस्पिटलमधून आत्ताच मागून घ्या.